संवेगाचे स्वामित्व

चालत्या वाहनाजवळ असे काही असते का, जे तेच वाहन उभे असताना त्याच्याजवळ नसते, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकाने केव्हाच सोडवलेला आहे. वाहनाचे वस्तुमान, म्हणजे त्यात सामावलेल्या द्रव्याचे मान, आणि त्याचा वेग, म्हणजे ठरावीक दिशेने एकक काळात कापलेले अंतर, यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, आणि दोन वाहनांच्या संवेगांची तुलना हे नववीच्या विद्यार्थ्याला जमणारे गणित आहे. १६,००० किलोग्रॅम वस्तुमानाचा भरलेला ट्रक ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर या गतीने जात असेल, तर त्याचा संवेग १,६०,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका भरतो. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावत असली, तरी तिचा संवेग केवळ ३०,००० होतो, आणि म्हणून संथ चालणारा ट्रक भरधाव मोटारीपेक्षा पाचपटींहून अधिक संवेग बाळगून असतो. गणित येथे संपते. परंतु ‘बाळगून असतो’ या विधानाचा अर्थ काय, हा विचार मात्र येथून सुरू होतो. ही राशी ट्रकच्या ठायी त्याच्या रंगाप्रमाणे किंवा वजनाप्रमाणे राहते काय, राहत असेल तर ती कोठून आली आणि ट्रक थांबल्यावर कोठे गेली, या प्रश्नांची उत्तरे शोधताना भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धांताला हात घातला आणि युरोपातील तत्त्वज्ञांनी ईश्वराच्या स्वरूपाला. त्यामुळे संवेगाचा धनी कोण, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार वैशेषिक दर्शनाने केला. कणादाच्या सूत्रांत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय अशा पदार्थांची, म्हणजे ज्ञानाला विषय होणाऱ्या मूलभूत कोटींची, मांडणी आहे, आणि तीत कर्म म्हणजे पाप-पुण्य नव्हे, तर वस्तूचे हालणे होय. हे हालणे क्षणिक मानलेले आहे: ते वस्तूला पूर्वीच्या स्थानापासून विभक्त करते, पुढच्या स्थानाशी जोडते आणि तेथेच नष्ट होते. परंतु हालणे जर इतके अल्पजीवी असेल, तर धनुष्यापासून सुटलेला बाण प्रत्यंचेचा स्पर्श संपल्यावरही पुढे का जातो, याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. सूत्रांच्या पाचव्या अध्यायात ते असे दिले आहे की बाणाचे पहिले हालणे प्रत्यंचेच्या ढकलण्यामुळे, म्हणजे नोदनामुळे होते, त्या हालण्यातून बाणात संस्कार नावाचा गुण उत्पन्न होतो, पुढची सारी हालचाल त्या संस्कारामुळे घडत राहते, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. प्रशस्तपादांनी ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथात या संस्काराचे तीन प्रकार सांगितले: वस्तूला एका नियत दिशेने पुढे नेणारा वेग, आत्म्याच्या ठायी राहून स्मरण घडवणारी भावना, आणि वाकवलेल्या फांदीला मूळ जागी आणणारा स्थितिस्थापक. (आधुनिक पाठ्यपुस्तकातला ‘वेग’ आणि प्रशस्तपादांचा ‘वेग’ यांत गोंधळ होऊ नये म्हणून येथे दुसऱ्याला वेगसंस्कार म्हटले आहे.) हा वेगसंस्कार पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन या पाच मूर्त द्रव्यांतच राहतो, आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी होणारा संयोग त्याच्या आड येतो.

हा सिद्धांत किती दूर जातो आणि नेमका कोठे थांबतो, हे पाहणे आवश्यक आहे, कारण कणादाच्या सूत्रांत न्यूटनचे तिन्ही नियम सापडतात असा दावा अलीकडे वारंवार केला जातो आणि त्या दाव्याने वैशेषिकांच्या खऱ्या कर्तृत्वावर पडदाच पडतो. प्रशस्तपादांना गती टिकवून धरणारे कारण वस्तूच्या बाहेर नसून वस्तूच्या आत आहे, हे दिसले होते. गतीला विरोध करणारे कारण बाहेरच्या द्रव्याशी होणारा संयोग आहे, हेही दिसले होते. आणि ढकलणे व आदळणे यांतला भेदही त्यांच्या परंपरेने नोंदवला होता, कारण ज्या संयोगानंतर दोन वस्तू एकमेकींपासून दूर होत नाहीत ते नोदन आणि ज्या संयोगाने त्या विभक्त होतात तो अभिघात, असे तिचे लक्षण आहे. येथे नाही ती फक्त एक गोष्ट, आणि तीच निर्णायक आहे. आदळणाऱ्या वस्तूचा वेगसंस्कार नष्ट होतो आणि आदळलेल्या वस्तूत नवा वेगसंस्कार उत्पन्न होतो, एवढे वैशेषिक सांगतात. परंतु एकीकडे जितका गेला तितकाच दुसरीकडे आला काय, हा प्रश्न ते विचारत नाहीत. गुरुत्व हा त्यांच्याकडे केवळ पडण्याचे कारण असलेला गुण आहे, तो वेगसंस्काराशी गुणाकाराने जोडलेला नाही, आणि म्हणून ट्रक व मोटार यांची तुलना करण्यास लागणारे माप त्यांच्याजवळ तयार होत नाही. नाश आणि उत्पत्ती या दोन घटना आहेत, त्यांच्यामध्ये हिशेब नाही.

संयोगाचे वर्गीकरण करताना प्रशस्तपादांनी दिलेली दोन उदाहरणे वाहनांच्या टकरीचा विचार करणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावीत. ससाणा येऊन खांबावर बसतो तेव्हा दोहोंपैकी एकाच्याच कर्मामुळे संयोग होतो, म्हणून तो अन्यतरकर्मज संयोग. आणि दोन मल्ल किंवा दोन मेंढे समोरासमोरून येऊन भिडतात तेव्हा दोघांच्याही कर्मामुळे संयोग होतो, म्हणून तो उभयकर्मज. उभ्या ट्रकवर मोटार आदळणे हे पहिल्या प्रकारात मोडेल आणि दोन वाहनांची समोरासमोर टक्कर ही दुसऱ्या. हा भेद इतका स्वाभाविक वाटतो की त्याच्यामागे एक मोठे गृहीतक दडलेले आहे हे ध्यानात येत नाही: कोण चालत आहे आणि कोण स्थिर आहे हे त्या त्या वस्तूचे स्वतःचे, निरपेक्ष सत्य आहे, असे त्यात मानलेले आहे.

हेच गृहीतक युरोपातही दीर्घकाळ टिकले. फेकलेला दगड मागची हवा पुढे ढकलते म्हणून जातो, या ॲरिस्टॉटलप्रणीत मताला सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आव्हान दिले, आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने फेकणारा दगडात एक प्रेरणा, म्हणजे ‘इंपेटस’, भरतो असे मांडले. ही प्रेरणा द्रव्याच्या प्रमाणात आणि गतीच्या प्रमाणात वाढते असे त्याने म्हटले, त्यामुळे संवेगाच्या आधुनिक व्याख्येच्या तो वैशेषिकांपेक्षा एक पाऊल अधिक जवळ गेला. आणि ती आपोआप झिजत नाही, केवळ विरोधाने क्षीण होते, असे म्हटल्यामुळे त्याला एक धर्मशास्त्रीय निष्कर्षही काढता आला. आकाशातील गोल फिरवत राहण्यासाठी देवदूतांची गरज नाही, कारण सृष्टीच्या आरंभी ईश्वराने त्या गोलांत जी प्रेरणा घातली ती तेथे विरोध नसल्यामुळे तशीच टिकून आहे, आणि सातव्या दिवशी ईश्वराने विश्रांती घेतली या बायबलमधील कथनाशी हे सुसंगतच आहे, असा त्याचा युक्तिवाद होता.

देकार्तने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ या ग्रंथात हिशेबाची उणीव भरून काढली, आणि ती भरून काढण्यासाठी त्याने सरळ ईश्वराचा आधार घेतला. ईश्वर अविकारी आहे, त्याची कृतीही अविकारी आहे, म्हणून सृष्टी निर्माण करताना त्याने द्रव्याला जितकी गती दिली तितकीच तो अखंड राखतो. एका वस्तूने गमावलेली गती दुसरीने मिळवलेली असलीच पाहिजे. विश्वातील गतीची एकूण राशी अक्षय्य आहे हा विचार मानवी बुद्धीच्या श्रेष्ठ झेपांपैकी एक आहे, आणि तो ईश्वरविषयक चिंतनातून निघाला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. चूक झाली ती राशी मोजण्यात. देकार्तने वस्तूचा आकार आणि तिची चाल यांचा गुणाकार घेतला, परंतु दिशा हिशेबात धरली नाही, आणि त्यामुळे टकरींचे जे सात नियम त्याने दिले त्यांतील बहुतेक कोलमडले.

यांतील चौथा आणि पाचवा नियम वाहनांना लावून पाहिले की ते कोसळतात कसे हे स्पष्ट दिसते. चौथा नियम सांगतो की लहान वस्तू कितीही वेगाने येऊन विश्रांत अवस्थेतील मोठ्या वस्तूवर आदळली, तरी ती मोठीला हलवू शकत नाही आणि स्वतः त्याच चालीने मागे फिरते. पाचवा सांगतो की मोठी वस्तू विश्रांत लहान वस्तूवर आदळली, तर ती लहानीला बरोबर घेऊन जाते आणि दोन्ही समान चालीने पुढे जातात. ९,००० किलोग्रॅमचा ट्रक रस्त्यात उभा आहे आणि १,००० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला २० मीटर वेगाने त्यावर आदळते असे मानले, तर चौथ्या नियमाप्रमाणे ट्रक जागचा हलणार नाही आणि मोटार २० मीटरच्याच गतीने उलट फिरेल. आता तीच घटना मोटारीइतक्याच वेगाने शेजारून समांतर जाणारा दुसरा प्रवासी पाहत आहे. त्याच्या दृष्टीने मोटार स्थिर आहे आणि ट्रकच सेकंदाला २० मीटर वेगाने तिच्या अंगावर येत आहे, म्हणून त्याला पाचवा नियम लावावा लागतो: ट्रकची १,८०,००० एवढी राशी आता १०,००० किलोग्रॅममध्ये विभागली जाईल आणि दोन्ही वाहने एकत्र १८ मीटर प्रतिसेकंद गतीने मागे सरकतील. हा प्रवासी स्वतः रस्त्याच्या तुलनेत २० मीटर वेगाने पुढे चालला आहे, त्यामुळे त्याचे निरीक्षण रस्त्यावरून मांडले तर दोन्ही वाहने २ मीटर प्रतिसेकंद गतीने एकत्र पुढे जातात असे होते. एकाच टकरीत ट्रक जागचा हलत नाही आणि हलतोही, मोटार उलट फिरते आणि पुढेही जाते, ही गोष्ट अशक्य आहे. वाहने एकमेकांत अडकून राहिली, तर प्रत्यक्षात या दोहोंपैकी दुसरे उत्तर बरोबर ठरते.

परस्परांच्या तुलनेत चालणाऱ्या दोन निरीक्षकांनी एकच टक्कर पाहावी आणि दोघांचे नियम एकमेकांशी जुळावेत, ही कसोटी हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने कालव्यातील नाव आणि काठ यांच्या उदाहरणाने घालून दिली. तिच्या पार्श्वभूमीवर ससाणा-खांब आणि मेंढा-मेंढा यांतला भेद आता पुन्हा पाहता येतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला जो अन्यतरकर्मज संयोग वाटतो, तो चालत्या वाहनातून पाहणाऱ्याला उभयकर्मज वाटतो, आणि टकरीचे परिणाम या दोन वर्णनांत कोणतेही अंतर मानत नाहीत. प्रशस्तपादांचे वर्गीकरण टाकून द्यावे असे यातून निघत नाही. मात्र ते टकरीच्या स्वरूपाचे वर्गीकरण नसून पाहण्याच्या स्थानाचे वर्गीकरण आहे, एवढे मान्य करावे लागते.

लायब्निट्सने १६८६ साली देकार्तवर जो आक्षेप घेतला तो वेगळ्या प्रकारचा होता आणि त्यावरून सुरू झालेला वाद पुढच्या शतकात अनेक दशके चालला. त्याच्या मते अक्षय्य राहते ती राशी वेगाच्या नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा वाद थोडक्यात समजून घेण्यास वाहनांचेच उदाहरण पुरते. १०,००० किलोग्रॅमचा ट्रक सेकंदाला अडीच मीटर आणि १,००० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला २५ मीटर वेगाने जात असेल, तर दोहोंचा संवेग २५,००० इतका समान आहे. दोघांना ५,००० न्यूटन इतक्याच बलाने रोखले, तर दोन्ही वाहने बरोबर ५ सेकंदांत थांबतात. पण तेवढ्या काळात ट्रक सव्वासहा मीटर सरकतो आणि मोटार साडेबासष्ट मीटर. गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे वस्तूला प्राप्त होणारी कार्य करण्याची क्षमता, मोटारीची ट्रकच्या दहापट आहे. किती वेळात थांबेल हे संवेग सांगतो, किती अंतरात थांबेल हे ऊर्जा सांगते. वस्तूच्या ठायी असलेले ‘खरे बल’ यांपैकी कोणते, हा दोन्ही पक्षांचा प्रश्नच सदोष होता, कारण एकच एक खरी राशी वस्तूत वास करते असे दोघांनीही गृहीत धरले होते.

त्या वास्तव्याचीच आता परीक्षा करावयाची आहे. आरंभीच्या ट्रकचा संवेग १,६०,००० आहे असे म्हटले, ते रस्त्याच्या तुलनेत. त्याच्या शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या तुलनेत तो शून्य आहे. मुंबईत उभा केलेला हाच ट्रक पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो, तेव्हा पृथ्वीच्या केंद्राच्या तुलनेत त्या उभ्या ट्रकचा संवेग ७० लाखांच्या घरात जातो. आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते हे धरले, तर सूर्याच्या तुलनेत तो ४८ कोटींच्या आसपास भरतो. यांपैकी एकही संख्या अधिक खरी नाही. ट्रकच्या पत्र्याची, इंजिनाची, चाकांची कितीही बारकाईने तपासणी केली, तरी यांतली एकही संख्या तेथे सापडणार नाही. बाणात राहणारा वेगसंस्कार आणि दगडात भरलेली प्रेरणा या दोन्ही कल्पना येथे अपुऱ्या पडतात, कारण जो गुण पाहणारा बदलताच शून्यही होतो आणि कोटीही होतो, त्याला त्या द्रव्याचा गुण म्हणणे कठीण आहे.

असे असूनही ब्रेक लावून ट्रक थांबला, तर संवेगात जो बदल होतो तो १,६०,००० इतकाच, ही गोष्ट रस्त्यावरून, शेजारच्या वाहनातून किंवा सूर्यावरून पाहणारे सगळे सारखीच सांगतात. आणि हा बदल नाश नव्हे. ट्रकची चाके रस्त्याला पुढे ढकलतात, रस्ता चाकांना मागे ढकलतो, आणि गेलेला सारा संवेग पृथ्वीकडे जातो. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ गुणिले १० चा २४ वा घात इतके किलोग्रॅम असल्यामुळे तिच्या वेगातला फरक मोजता न येण्याइतका सूक्ष्म असतो, पण तो शून्य नसतो. ट्रक जेव्हा प्रथम हलला तेव्हा त्याने पृथ्वीला तितकेच मागे ढकलले होते, म्हणून थांबताना तो जे देतो ते चालताना घेतलेलेच असते. ज्याला ट्रकचा संवेग म्हटले जाते तो मुळात ट्रक आणि पृथ्वी यांच्यातील देवघेवीची नोंद आहे. संख्या कोणाच्या नावावर किती मांडावी हे पाहणाऱ्यावर अवलंबून राहते, पण देवघेव किती झाली हे मात्र नाही.

येथे कर्मसिद्धांताचा संबंध प्रत्यक्ष येतो. ज्ञान झाल्यावर सर्व कर्मे दग्ध होत असतील, तर ज्ञानी पुरुषाचे शरीर लगेच का पडत नाही, या प्रश्नाला सांख्यकारिकेने कुंभाराच्या चाकाच्या दृष्टान्ताने उत्तर दिले: दांडा काढून घेतल्यावरही पूर्वीच्या संस्कारामुळे चाक फिरत राहते, तसे शरीर काही काळ राहते. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्यांनी हाच दृष्टान्त घेतला आणि ज्या कर्माने फळ द्यायला सुरुवात केली आहे त्या प्रारब्धाचा वेग क्षीण होईपर्यंत वाट पाहावी लागते असे प्रतिपादले. छांदोग्याच्या भाष्यात त्यांनी सुटलेल्या बाणाचाही दाखला दिला. मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘प्रारब्ध भोगून संपवावे लागते’ हा जो विश्वास आहे, त्याला या दोन दृष्टान्तांचा मोठा आधार आहे.

दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे तो ज्या एका अंगापुरता दिला त्या अंगापुरताच घ्यावयाचा असतो, आणि म्हणून पदार्थविज्ञानाने प्रारब्धाचा सिद्धांत खोडता येत नाही, तसा सिद्धही करता येत नाही. परंतु दृष्टान्त कोणती कल्पना मनात रुजवतो हे तपासणे न्याय्य आहे. चाकाचा वेग चाकातच हळूहळू खर्च होऊन संपतो, ही कल्पना चाकाबद्दलच खरी नाही. चाक ज्या आसावर फिरते त्याच्याशी होणारे घर्षण आणि भोवतीची हवा यांच्यामार्फत त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याशी निगडित असलेला संवेग, जमिनीकडे आणि हवेकडे जातो. तो संपत नाही, दुसऱ्याच्या हवाली होतो. विरोध करणारे दुसरे द्रव्य नसेल तर चाक थांबणारच नाही, आणि याबाबतीत संयोगाला बाधक मानणारे प्रशस्तपाद सत्याच्या अधिक जवळ होते. दृष्टान्त या अंगानेही घेतला, तर प्रारब्ध हे एका जीवाच्या बंदिस्त कोठीत साठवलेले आणि तेथेच भोगून संपणारे धन राहत नाही. एका देहाची पूर्वगती थांबते ती तिच्या सभोवतालच्यांनी ती आपल्यावर घेतल्यामुळे, असे त्या चित्रातून दिसू लागते. ज्ञानी पुरुषाच्या उरलेल्या आयुष्याचे त्याच्या शिष्यांशी आणि शेजाऱ्यांशी जे नाते असते, त्याचा विचार ‘भोगाने क्षय’ या सूत्रात फारसा होत नाही, आणि तो व्हायला हवा.

गतीला धनीच नाही, हे मत बौद्ध आचार्यांनी फार पूर्वी वेगळ्या मार्गाने मांडले होते. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्या प्रकरणात जाणारा आणि जाणे यांना एकमेकांवाचून अस्तित्व नाही असे दाखवले, तर सर्व क्षणिक असल्यामुळे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारी वस्तूच नाही, असे वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यात म्हटले. मात्र त्यांच्या विवेचनात देवघेवीची अक्षय्यता नाही, आणि ती नसेल तर मोटार आणि ट्रक यांतला फरकच सांगता येत नाही. ही अक्षय्यता कोठून येते याचे आधुनिक उत्तर एमी नोएदर या जर्मन गणितज्ञेने १९१८ साली दिले: अवकाशाच्या एका ठिकाणी जे नियम लागू असतात तेच दुसऱ्या ठिकाणी लागू असतात, आणि एकूण संवेग अक्षय्य राहणे हा या समानतेचाच परिणाम आहे. देकार्तने ईश्वराच्या अविकारित्वाकडे बोट दाखवले, नोएदरच्या सिद्धांताने ते बोट अवकाशाच्या समानतेकडे वळवले. अक्षय्यतेच्या मुळाशी काहीतरी न बदलणारे असले पाहिजे, ही देकार्तची प्रतीती मात्र दोहोंत कायम राहिली.

संवेगाचा धनी वाहन नसेल आणि कोण कोणावर आदळले हेही पाहणाऱ्यावर अवलंबून असेल, तर अपघाताची जबाबदारी कोणावरच टाकता येणार नाही, असा आक्षेप येथे येऊ शकतो, आणि तो गंभीर आहे, कारण कर्मसिद्धांताचा सारा भार कर्तृत्वावर आहे. त्याचे उत्तर वैशेषिकांच्याच मांडणीत मिळते. पाचव्या अध्यायाचा आरंभ बाणाने नव्हे, तर हाताने होतो: मुसळ उचलणारा हात हलतो तो आत्म्याशी असलेला संयोग आणि प्रयत्न यांमुळे, आणि मुसळ हलते ते त्या हाताशी असलेल्या संयोगामुळे, तेच मुसळ उखळावर आदळून आपोआप वर उसळते तेव्हा त्या उसळण्याचे कारण अभिघात असतो आणि उचलणाऱ्याच्या हाताचा त्या हालचालीत कारण म्हणून वाटा नसतो. प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे आणि वेगसंस्कार हा मूर्त द्रव्याचा, हे दोन गुण वैशेषिकांनी कधीही एकमेकांत मिसळू दिले नाहीत. वाहन चालवणाऱ्याने पाय ब्रेकवर ठेवला की ॲक्सिलरेटरवर, हे सूर्यावरून पाहिले काय आणि शेजारच्या मोटारीतून पाहिले काय, बदलत नाही. टकरीनंतर कोणाला दोष द्यावयाचा हे ठरवताना संवेगाचे आकडे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात, पण निवाडा त्या पायाच्या प्रयत्नावरच करावा लागतो.